आत्याबाईंची उजवी किडनी

सासूच्या पोटात काय चाललंय ते पडद्यावर बघायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या मनात काय चाललंय हेच लग्नानंतर इतकी वर्षं कळलं नव्हतं, तिथं पोटाची गोष्ट दूरच.

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई अणदूरजवळच्या एका खेड्यात शेती बघतात आणि मी धाराशिवला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. मी तोंडाची फटकळ, त्या अबोल. आमच्याकडं मुक्कामाला आल्या की मी घासून ठेवलेली भांडी त्या पुन्हा विसळायच्या. बोलत काहीच नसत, नुसत्या विसळत. भांडायला समोरच्यानं निदान एखादा शब्द तरी टाकावा लागतो. तेवढी सोयसुद्धा त्यांनी मला कधी करून दिली नाही.

माझ्या नवऱ्याला बरीच वर्षं बीपीचा त्रास होता. गोळ्या घ्यायच्या, बरं वाटलं की सोडून द्यायच्या, मी ओरडले की पुन्हा सुरू करायच्या, असा त्यांचा कारभार. पाय सुजायला लागले तेव्हा दवाखान्यात गेलो आणि कळलं की दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. मग डायलिसिस सुरू झालं. त्यात सुई टोचण्यापेक्षा, तासन्‌तास पडून राहण्यापेक्षा वाईट काही असेल तर ती तहान. पाणी मोजून मिळायचं. सकाळी एक बाटली भरून ठेवायची. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्या हिशेबात धरायचं. आमच्या भागाला पाण्याची टंचाई नवी नाही. पण वर टाकी भरलेली असताना घरातल्या माणसानं सुकलेले ओठ चाटत बसायचं, ही टंचाई आम्ही कधी पाहिली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता आली तर उत्तम. मी लगेच पुढं झाले. तपासणीत मलाच साखर निघाली. मला इतका राग आला की दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. राग कुणावर ते मलाही सांगता आलं नसतं. हे एकुलते एक, सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. उरल्या आत्याबाई. त्या धाराशिवला आल्या, सगळं ऐकून घेतलं, ‘माझी घ्या’ म्हणाल्या आणि भांडी विसळायला उठल्या. हे ‘नको, नको’ करत होते. तर आतून आवाज आला, ‘तुला इचारतंय कोण?’

आता सगळं त्यांच्यावर येऊन ठेपलं होतं. त्यांची किडनी चालली नाही तर घरात दुसरं कुणी नव्हतं. मग प्रतीक्षा यादीत नाव घालायचं आणि अनोळखी माणसाच्या मरणाची वाट बघत बसायचं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. साठीला टेकलेली बाई, पण रक्तगट जुळला, हृदय ठणठणीत, फुप्फुसं स्वच्छ. सोलापूरच्या दवाखान्यात एकेक तपासणी पार पडत गेली तसतशी त्यांची चालही बदलली. निवडून येणाऱ्या उमेदवारासारख्या त्या दवाखान्यात फिरायला लागल्या.

शेवटी राहिला किडनीचा स्कॅन. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण समजावून सांगायची हौस असलेल्या. मला म्हणाल्या, सोनोग्राफीत नुसतं घर दिसतं; घरातली माणसं कामं करतात की लोळत पडतात ते इथं कळतं. हातातल्या शिरेत औषधाचं इंजेक्शन द्यायचं. त्या औषधातून अगदी थोडे किरण बाहेर पडतात. किडनी ते औषध रक्तातून गाळून खाली लघवीच्या पिशवीत सोडते, आणि टेबलाखालचा कॅमेरा तो प्रवास टिपत राहतो. यंत्र माणसावर किरण सोडत नाही. माणसातून येणारे किरण नुसतं बघत बसतं. हे ऐकून मी थक्क झाले. फळ्यावर आलेख काढण्यात माझी उमर गेली, पण जिवंत माणसाच्या दोन किडन्या आपापला आलेख स्वतःच काढतात हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

उपाशी यायचं नाही, भरपूर पाणी पिऊन यायचं, एवढीच त्यांची अट होती. मी आत्याबाईंना ती फोनवर दोनदा बजावून सांगितली. त्या ‘व्हय’ म्हणाल्या. त्यांच्या ‘व्हय’चा अर्थ ‘ऐकलं’ असा असतो, ‘करते’ असा नाही, हे कळायला मला अजून काही तास होते.

त्या दिवशी त्या अणदूरच्या फाट्यावरून एसटीनं आल्या, मी धाराशिवहून. स्कॅनच्या खोलीबाहेर त्यांना पाण्याची बाटली दिली आणि पिऊन घ्या म्हणून सांगितलं. मी कागदपत्रांच्या खिडकीपाशी गेले. परत आले तेव्हा बाटली दिसली नाही, त्या तोंड पुसत होत्या. पाणी प्यालात का, असं आतल्या ताईंनी विचारलं. ‘व्हय.’

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावलं. पडद्यावर दोन रेषा होत्या. त्या झपकन वर चढून उतरायला हव्यात, एवढं मला आधी सांगितलेलं होतं. ह्या दोन्ही रेषा कशाबशा वर चढल्या आणि तिथंच रेंगाळल्या. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. दोन्ही किडन्यांचं काम एकसारखं मंद दिसतंय, म्हणाल्या. अशा माणसाची एक किडनी काढली तर उद्या त्यालाच डायलिसिसवर बसावं लागेल. ह्या अहवालावर तरी मी हो म्हणू शकत नाही. आत्याबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. निवडणूक हरल्याचं तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

बसस्टँडवर आलो. घरी जाऊन ह्यांना काय सांगायचं? समोर रसाचं गुऱ्हाळ होतं. मी दोन ग्लास सांगितले. आत्याबाईंनी हात आडवा केला.

‘आजचं झालं माझं.’

‘काय झालं?’

‘पाणी.’

सकाळपासून त्यांच्या हातात चहाचा कपसुद्धा मी पाहिला नव्हता, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं. मी त्यांची पिशवी ओढून घेतली. दवाखान्यातली बाटली तशीच होती, झाकणही फिरवलेलं नव्हतं. मग मात्र माझा ताबा सुटला. भर स्टँडवर मी त्यांना फाडफाड बोलले. कंडक्टर लोक वळून बघायला लागले. माझं बोलून संपलं आणि मग त्यांनी सांगितलं.

ह्यांचं डायलिसिस सुरू झालं त्याच आठवड्यात त्या अणदूरच्या खंडोबाला गेल्या होत्या आणि देवाला शब्द दिला होता: माझ्या लेकराला जेवढं पाणी, तेवढंच मला. घरी त्यांनीही एक तांब्या ठरवला होता. सकाळी भरायचा, रात्रीपर्यंत पुरवायचा. चहा त्यातच, आमटी त्यातच. ज्वारी काढताना तेवढंच, तूर राखताना तेवढंच, आणि आमच्याकडचा उन्हाळा गेला तोही तेवढ्यावरच. सोबतच्या बाया माठावर जायच्या तेव्हा ह्या बांधावर बसून राहायच्या. आमच्याकडं मुक्कामाला यायच्या तेव्हाही हेच चालू असायचं, आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्या विसळण्यावरच डोळा ठेवून बसलेली.

लोक नवसाला गोड सोडतात, चप्पल सोडतात. पाणी सोडणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांचा संताप आला होता आणि त्याच वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून मी रिक्षा थांबवली आणि त्यांना हाताला धरून पुन्हा दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई निघायच्या बेतात होत्या. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं आता अडाणीपणावर एक भाषण होईल. झालं नाही. त्यांनी आत्याबाईंची जीभ बघितली, हातावरची कातडी चिमटीत धरून बघितली आणि म्हणाल्या, ‘मावशी, तुमच्या किडन्या आजारी आहेत की नुसत्या तहानलेल्या, हे मला आज सांगता येत नाही. महिनाभर पोटभर पाणी प्या, मग आपण पुन्हा बघू. पण प्यायचं नसेल तर येऊ नका.’

आता खरी पंचाईत पुढंच होती. पाणी प्यायचं म्हणजे देवाचा शब्द मोडायचा, आणि शब्द मोडल्यावर देवानं मुलाचं काही वाईट केलं तर? मी परोपरीनं समजावलं. देवाला असं काही नको असतं म्हणाले. त्यावर, तुला गणित येतं, देवाचं तुला काय ठावं, असं मला ऐकायला मिळालं. शेवटी मी ह्यांना सगळं सांगून टाकायची धमकी दिली. तेव्हा मात्र त्या हादरल्या. ‘त्याला कळलं तर किडनी घ्यायचा न्हाय त्यो,’ म्हणाल्या. खरंच होतं ते. मी धमकी मागं घेतली आणि ह्यांना तपासणी महिनाभर पुढं गेली एवढंच सांगितलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, देवाला जायचंय, चल. त्या महिन्यांत अणदूरचा खंडोबा नळदुर्गाला असतो. एकच देव वर्षातला मोठा काळ एका गावात राहतो आणि उरलेला दुसऱ्या गावात. त्याच्या येण्याजाण्याचं दोन्ही गावांना ठाऊक असतं. म्हणून आम्ही नळदुर्गाला गेलो. गर्दी नव्हती. आत्याबाई देवासमोर उभ्या राहिल्या आणि घरातल्या मोठ्या दिराशी बोलावं तशा, डोक्यावरचा पदर सारखा करत, पण आवाज न दबवता बोलल्या.

‘देवा, माझ्या लेकराला जेवढं पाणी तेवढंच मला, असा शब्द दिला व्हता. त्यो म्या मोडत न्हाय. पर ह्या दोनातली एक किडनी आता त्याची हाय. ती माझ्यापाशी निस्ती ठिवलीया. तिला पाणी दावाया पायजे. इथून पुढं म्या पिते ते तिच्या वाटंचं पिते. तुला पटतंय का बघ.’

थोडा वेळ त्या तशाच थांबल्या. मग कपाळाला भंडारा लावला, माझ्याकडं वळल्या आणि हात पुढं केला. मी माझी बाटली दिली. त्यांनी ती वरून धरून, ओठाला न लावता, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. त्यांचा गळा वरखाली होत होता आणि मी बघत होते. अडलेली गणितं सोडवायच्या मी पोरांना कितीतरी रीती शिकवल्या असतील. इतकी साधी, इतकी स्वच्छ रीत मला कधी सुचली नाही. त्या दिवशी मला माझ्या सासूचा अभिमान वाटला, आणि असं वाटतंय हे कबूल करताना थोडं जिवावरही आलं.

पुढचा महिना त्या पाणी प्यायच्या ते एखादं कंत्राट घेतल्यासारखं. रोज संध्याकाळी मला फोन. ‘प्याले.’ एवढंच सांगायचं आणि ठेवायचा. मग हळूहळू त्यापुढं दोन वाक्यं यायला लागली. रानातल्या बाया हसतात; सारखं बांधाआड जावं लागतं; ह्या किडनीनं माझी खुरपणी बसवली बघ. लग्नानंतर आम्ही दोघी इतकं कधीच बोललो नव्हतो.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला काचेच्या अलीकडं, पडद्याजवळ उभं राहू दिलं. पलीकडं आत्याबाई उताण्या झोपल्या होत्या, नऊवारीच्या जागी दवाखान्याचा ढगळा झगा, हात सरळ, डोळे छताला. इंजेक्शन दिलं. पडदा आधी काळाच होता. मग ठिपके पडायला लागले, रात्री दूरच्या वस्तीवर एकेक दिवा लागावा तसे. ते दाटत गेले आणि मणक्याच्या दोन बाजूंना दोन किडन्या उमटल्या. बघता बघता त्या भरल्या. मग त्यांच्यातला उजेड खाली उतरायला लागला आणि लघवीच्या पिशवीत साठत गेला. बाजूला दोन रेषा झपकन चढल्या आणि उतरल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आयुष्यभर जिचं एकही काम मला पसंत पडलं नाही, त्या बाईच्या शरीराचं काम बघून माझे डोळे भरून आले होते. ज्या कुणी डोकं लढवून हे यंत्र बनवलं, ज्यांनी ते औषध शोधलं, त्या सगळ्यांना मी तिथंच उभी राहून मनातल्या मनात हात जोडले.

‘मावशी, पास,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘दोन्ही छान चालतात. डावी जरा सरस आहे. आपण उजवी घेऊ.’

आत्याबाईंचा हसरा चेहरा एकदम उतरला. सरस ती त्याला द्या, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नियम तसा नाही. चांगली किडनी देणाऱ्याकडं ठेवायची, त्यालाही पुढं जगायचं असतं. हे त्यांना काही केल्या पटेना. लेकीला साडी देताना आपण जुनी देतो का, पाहुण्याच्या ताटात कालची भाकरी वाढतो का? देताना हलकं द्यायचं ही कुठली रीत? अबोल बाईला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. पुष्कळ वेळानं, तुमची उजवीसुद्धा एका माणसाला पुरून उरेल, असं डॉक्टरीणबाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं तेव्हा कुठं त्या तयार झाल्या. बाहेर आल्यावर मला बजावलं, कुठली दिली ते त्याला सांगू नकोस.

ऑपरेशन झालं. त्या दिवसाचं मला नीट सांगता येणार नाही. दोन दरवाजे आणि त्यांच्यामध्ये मी, एवढंच आठवतं. ह्यांना लघवी सुरू झाली ही बातमी एका नर्सनं आणली आणि पेढे वाटल्यासारखी ती वॉर्डभर झाली. आत्याबाई शुद्धीवर आल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘चालतीया का?’ एवढंच विचारत होत्या. चालतीया म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसेना. काही दिवसांनी नव्या किडनीचं काम तपासायला ह्यांचा स्कॅन होता. तेव्हा त्या हट्टानं माझ्यासोबत आल्या, कुशीवर हात दाबून, एकेक पाऊल टाकत.

त्या काचेअलीकडं आम्ही दोघी उभ्या होतो. पलीकडं हे झोपलेले. ह्या वेळी कॅमेरा टेबलाखाली नव्हता, पोटाच्या वर होता. पडद्यावर ठिपके आले, दाटले, आणि पोटाच्या पार खालच्या अंगाला, एका बाजूला, एकच किडनी उजळली. भरली आणि वाहती झाली. आत्याबाई पुढं झुकल्या.

‘हीच का, जी हलकी म्हणत व्हता?’

डॉक्टरीणबाई हसल्या. हीच, म्हणाल्या, आणि बघा कशी धावतेय. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांची नजर पडद्यावर वर सरकली होती. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, जिथं त्यांच्या स्वतःच्या स्कॅनमध्ये दोन किडन्या उमटल्या होत्या, तिथं ह्यांच्या पडद्यावर काहीच नव्हतं. त्यांनी त्या काळ्या जागेकडं बोट केलं. इथं काय आहे, असं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ह्यांच्या जुन्या किडन्या आतच आहेत, आपण काढल्या नाहीत. पण त्या औषध घेत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

आत्याबाई त्या अंधाराकडं बघत राहिल्या.

‘त्या बी म्याच दिल्या व्हत्या त्याला,’ त्या म्हणाल्या. ‘ही तिसरी.’

तेव्हा मला सगळं कळलं. तो तांब्या, तो शब्द, सरस किडनीसाठी घातलेला तो वाद. ह्यांनी बीपीच्या गोळ्या टाळल्या होत्या, चूक असलीच तर त्यांची होती. मी आत्याबाईंना हे कितीदातरी सांगितलं असतं. पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आपण मुलाला दिलेली वस्तू बिघडली, म्हणजे आपलंच काही देताना चुकलं, असं धरून ही बाई तेव्हापासून जगत होती. कुणालाही, देवालासुद्धा, तिनं ते बोलून दाखवलं नव्हतं.

आत्याबाईंनी माझा हात धरला. डॉक्टरीणबाई शेजारीच उभ्या होत्या, पण त्यांनी मला विचारलं.

‘ही टिकंल न्हवं?’

किती टिकेल ते कुणालाच सांगता येत नाही, हे मला माहीत होतं. मी टिकेल म्हणाले.